हरात्मक फलने व विवृत्तीय आंशिक अवकल समीकरणे

हरात्मक फलन म्हणजे लाप्लासच्या समीकरणाची उकल असणारे, दोन वेळा संततपणे अवकलनीय असलेले वास्तव मूल्यांचे फलन. दोन चलांच्या बाबतीत हे समीकरण ∂²फ/∂क्ष² + ∂²फ/∂य² = ० असे लिहितात; तीन किंवा अधिक चले असतील तर प्रत्येक चलासाठी तसेच एक पद वाढते. डाव्या बाजूच्या बेरजेला फलनाचा लाप्लासियन म्हणतात. एकजिनसी धातूच्या पत्र्यातील स्थिरावलेले तापमान, विद्युत्‌प्रभार नसलेल्या पोकळीतील विद्युत् विभव, वस्तुमानाबाहेरील गुरुत्वीय विभव आणि भोवरे नसलेल्या असंपीड्य द्रवाच्या प्रवाहाचा वेग-विभव ही सर्व हरात्मक फलने होत. लाप्लासचे समीकरण हे विवृत्तीय प्रकारच्या आंशिक अवकल समीकरणांचे सर्वांत साधे उदाहरण असून त्या संपूर्ण शाखेचा अभ्यास विद्यापीठांत बहुधा येथूनच सुरू होतो.

क्ष² − य², क्षय आणि क्ष³ − ३क्षय² ही हरात्मक बहुपदे आहेत. प्रत्येकाचे दोनदा अवकलन करून बेरीज शून्य येते हे वाचकास सहज पडताळता येईल. क्ष² + य² हे मात्र हरात्मक नाही, कारण त्याचा लाप्लासियन ४ येतो. प्रतलात मूळबिंदूपासूनच्या अंतराचा लॉगरिदम आणि त्रिमितीय अवकाशात त्या अंतराचा व्यस्त ही फलने मूळबिंदू वगळता सर्वत्र हरात्मक असतात. या दोन फलनांना मूलभूत उकली म्हणतात आणि पुढील बरीचशी इमारत त्यांच्यावर उभी आहे.

नावाविषयी

मराठीत ‘हरात्मक’ हा शब्द प्रथम भेटतो तो हरात्मक श्रेढीत. तेथे पदे अपूर्णांकाच्या हरात अंकगणिती क्रमाने येतात, त्यामुळे शब्द अन्वर्थक वाटतो. प्रस्तुत फलनांचा हराशी काही संबंध नाही. युरोपीय भाषांतील मूळ शब्द संगीतातून आला: ताणलेल्या तारेच्या कंपनातून निघणाऱ्या मूळ स्वरास व उपस्वरांस जी ज्या-कोज्या फलने व्यक्त करतात त्यांना ते विशेषण लागले, मग वर्तुळावरून गोलाकडे जाताना तशाच कार्याच्या फलनांना ‘गोलीय’ हे विशेषण जोडून तोच शब्द वापरला गेला, आणि गोलीय फलने लाप्लासच्या समीकरणातून येत असल्याने अखेर त्या समीकरणाच्या सर्वच उकलींना ते नाव मिळाले. अर्थाच्या दृष्टीने ‘संवादी’ हा शब्द अधिक जवळचा ठरला असता; परंतु रूढ परिभाषा मोडण्याने वाचकाचा गोंधळच वाढतो, म्हणून या लेखात ‘हरात्मक’ हाच शब्द ठेवला आहे. ‘विवृत्तीय’ हे विशेषण विवृत्तापासून, म्हणजे बोलीत ज्याला लंबवर्तुळ म्हणतात त्या वक्रापासून, बनले आहे. त्याचे कारण पुढे वर्गीकरणाच्या विभागात येईल.

सरासरीचा गुणधर्म

हरात्मक फलनाचे स्वरूप एका वाक्यात सांगता येते. एखाद्या बिंदूपाशी त्याचे मूल्य हे त्या बिंदूभोवती काढलेल्या कोणत्याही वर्तुळावरील (त्रिमितीत गोलपृष्ठावरील) मूल्यांच्या सरासरीइतके असते. अट एवढीच की वर्तुळ आतील चकतीसह फलनाच्या प्रदेशात मावले पाहिजे. गाउसने १८४० साली प्रसिद्ध झालेल्या विभवविषयक निबंधात हा गुणधर्म सिद्ध केला. उलट विधानही खरे आहे: जे संतत फलन सर्व लहान वर्तुळांवर हा सरासरीचा नियम पाळते ते हरात्मकच असते. म्हणजे संततता एवढेच गृहीत धरून दुसऱ्या क्रमापर्यंतचे अवकलज आपोआप हाती येतात.

हा नियम पाटीवर करून पाहण्यासारखा आहे. एका चौरस पत्र्याची वरची कड १०० अंशांवर आणि उरलेल्या तीन कडा ० अंशांवर ठेवल्या आहेत असे समजू. पत्र्याच्या आत दोन ओळींत दोन-दोन असे चार बिंदू समान अंतरांवर घेऊ आणि प्रत्येक बिंदूचे तापमान त्याच्या वर, खाली, डावीकडे व उजवीकडे असलेल्या चार शेजाऱ्यांच्या सरासरीइतके आहे अशी अट घालू. सममितीमुळे वरच्या दोन बिंदूंचे तापमान एकसारखे, समजा अ, आणि खालच्या दोहोंचे ब. वरच्या बिंदूसाठी ४अ = १०० + ० + अ + ब आणि खालच्यासाठी ४ब = अ + ब + ० + ०. दुसऱ्या समीकरणावरून अ = ३ब; ते पहिल्यात घातले की ८ब = १००, म्हणून ब = १२.५ आणि अ = ३७.५. बिंदूंची जाळी जितकी बारीक करावी तितके उत्तर खऱ्या हरात्मक फलनाच्या जवळ जाते. अभियांत्रिकीत संगणकावर तापमान किंवा ताण काढण्याची जी सांत-अंतर पद्धती वापरतात, तिचे बीज या चार बिंदूंत आहे.

याच संख्यांना दुसराही अर्थ आहे. वरच्या आतील बिंदूवर एक दिशाहीन पांथस्थ उभा आहे. दर पावलाला तो चारांपैकी एक दिशा सारख्याच संभाव्यतेने निवडतो आणि कडेस पोचला की थांबतो. तो वरच्या कडेवरच थांबण्याची संभाव्यता ३/८, म्हणजे नेमकी ३७.५ टक्के येते. खालच्या बिंदूवरून निघाल्यास ती १/८ होते. पांथस्थाला ‘पुढच्या पावलानंतरची संभाव्यता’ हीच चार शेजाऱ्यांची सरासरी असल्याने दोन्ही प्रश्न एकच आहेत. संतत अवकाशात पांथस्थाची जागा ब्राउनीय गती घेते. हा दुवा काकुतानी या जपानी गणितज्ञाने १९४४ मध्ये स्पष्ट केला.

महत्तम तत्त्व आणि एकमेवता

सरासरीच्या गुणधर्मावरून लगेच निघणारा निष्कर्ष असा की, सलग प्रदेशावरील हरात्मक फलन अचल नसेल तर त्याचे सर्वांत मोठे किंवा सर्वांत लहान मूल्य प्रदेशाच्या आत कोठेही येऊ शकत नाही. आतील एखाद्या बिंदूपाशी सर्वांत मोठे मूल्य आहे असे मानले, तर भोवतालच्या वर्तुळावरील सरासरीही तेवढीच हवी. पण वर्तुळावरील कोणतेही मूल्य त्याहून मोठे नाही, म्हणून सर्व मूल्ये तेवढीच असली पाहिजेत. एका वर्तुळातून दुसऱ्यात असे सरकत गेल्यास संपूर्ण प्रदेशात फलन अचल ठरते. हरात्मक फलनाच्या आलेखावर त्यामुळे शिखर नसते आणि खळगाही नसतो. असते ती खोगिरासारखी खिंड, जिच्या एका दिशेला चढ आणि दुसऱ्या दिशेला उतार आहे.

या तत्त्वाला भौतिकीत अर्नशॉचे प्रमेय म्हणतात: केवळ स्थिर विद्युत्‌प्रभारांच्या बलाने एखादा प्रभार पोकळीत स्थायी समतोलात तरंगत ठेवता येत नाही. समतोल स्थायी होण्यासाठी विभवाचा खळगा लागतो, आणि हरात्मक विभवाला तो असत नाही.

परिबद्ध प्रदेशाच्या सीमेवरील मूल्ये दिली असता आतील हरात्मक फलन एकाहून अधिक असू शकत नाही, हेही याच तत्त्वाचे फळ. अशी दोन फलने असली तर त्यांची वजाबाकी हरात्मक असून सीमेवर शून्य असेल. तिची महत्तम व लघुतम मूल्ये सीमेवरच येणार, म्हणून ती सर्वत्र शून्य. येथे ‘परिबद्ध’ हा शब्द विद्यार्थी अनेकदा गाळतात. वरच्या अर्धप्रतलात य हे फलन हरात्मक आहे आणि सीमेवर, म्हणजे क्ष-अक्षावर, ते शून्य आहे. तरी ते शून्य फलन नव्हे.

एकमेवतेचे सामर्थ्य वरील चौरस पत्र्यातच दिसते. पत्र्याच्या मध्यबिंदूचे अचूक तापमान किती? वरची कड तापवलेली, उजवी तापवलेली, खालची आणि डावी तापवलेली असे चार प्रश्न घ्यावेत. चारही उकलींची बेरीज केली की सर्व कडांवर १०० अंश येतात (कोपऱ्यांवरील उडी बाजूला ठेवू), आणि अशा सीमेची एकमेव परिबद्ध उकल म्हणजे सर्वत्र १००. सममितीमुळे मध्यबिंदूवर चौघींचा वाटा समान, म्हणून उत्तर २५ अंश. श्रेढी किंवा समाकल न वापरता उत्तर मिळाले. चले विभक्त करून फूर्ये श्रेढीने हाच प्रश्न सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे अनंत पदांची बेरीज करावी लागते आणि ती २५ कशी होते हे कोडे वाटते.

ल्यूव्हीलचे प्रमेय

संपूर्ण प्रतलावर (किंवा अवकाशावर) हरात्मक असलेले फलन परिबद्ध असेल तर ते अचल असते. एडवर्ड नेल्सन यांनी १९६१ मध्ये याची जी सिद्धता प्रसिद्ध केली ती एका परिच्छेदाची असून तिच्यात एकही गणिती चिन्ह नाही. तिचा आशय असा: कोणतेही दोन बिंदू घ्या आणि त्यांना केंद्र मानून समान त्रिज्येचे दोन गोल काढा. त्रिज्या फार मोठी केली की दोन गोल जवळजवळ पूर्णपणे एकमेकांवर येतात. न जुळणारा भाग एकूण घनफळाच्या मानाने नगण्य होतो. फलन परिबद्ध असल्याने दोन्ही गोलांवरील सरासरी हवी तितकी जवळ आणता येते. पण त्या सरासरी म्हणजेच दोन केंद्रांपाशी फलनाची मूल्ये. म्हणून ती दोन मूल्ये समान.

संमिश्र विश्लेषणाशी नाते

पदवीच्या वर्गात हरात्मक फलने बहुधा संमिश्र चलांच्या विषयातून येतात. वैश्लेषिक फलनाचा वास्तव भाग आणि काल्पनिक भाग हे दोन्ही कोशी–रीमान समीकरणांमुळे हरात्मक असतात, आणि त्यांना परस्परांची संयुग्मी फलने म्हणतात. छिद्र नसलेल्या प्रदेशात प्रत्येक हरात्मक फलनाला संयुग्मी मिळते. छिद्र असलेल्या प्रदेशात तसे होईलच असे नाही: मूळबिंदू वगळलेल्या प्रतलात अंतराच्या लॉगरिदमचे संयुग्मी फलन कोन हे येते, आणि मूळबिंदूभोवती एक फेरी मारून आल्यावर कोन ३६० अंशांनी वाढलेला असतो. हे नाते द्विमितीपुरतेच आहे. तीन मितींत संमिश्र संख्यांचा आधार सुटतो, म्हणून वर दिलेल्या सिद्धता सरासरीच्या गुणधर्मावरून केल्या आहेत. हा गुणधर्म सर्व मितींत चालतो.

डिरिक्लेचा प्रश्न

प्रदेशाच्या सीमेवर संतत मूल्ये दिली असता, आत हरात्मक असणारे व सीमेवर ती मूल्ये धारण करणारे फलन असते का? हा डिरिक्लेचा प्रश्न. वर्तुळाकार चकतीसाठी व गोलासाठी प्वासाँच्या सूत्राने उत्तर थेट लिहिता येते: आतील बिंदूचे मूल्य म्हणजे सीमेवरील मूल्यांची भारित सरासरी, ज्यात जवळच्या सीमाबिंदूंना अधिक भार मिळतो. सर्वसाधारण प्रदेशासाठी असे सूत्र नाही. मग उकल आहे हे तरी कशावरून? या एका प्रश्नामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे.

लाप्लासचे समीकरण त्याच्या नावाने ओळखले जात असले तरी ऑयलरच्या द्रवगतीवरील लेखनात ते आधी येऊन गेले होते. लाप्लासने ते १७८० च्या दशकात ग्रहांचे आकर्षण आणि शनीचे कडे यांच्या अभ्यासात वापरले. वस्तुमानाच्या आत हे समीकरण लागू पडत नाही, तेथे उजव्या बाजूस घनतेच्या प्रमाणात एक पद येते, हे प्वासाँने १८१३ मध्ये दाखवले. त्यानंतरचे मोठे पाऊल एका अनपेक्षित ठिकाणाहून पडले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा जॉर्ज ग्रीन हा पिठाची गिरणी चालवणारा गृहस्थ होता. त्याचे शालेय शिक्षण वर्ष-सव्वा वर्षाचे. १८२८ मध्ये त्याने वर्गणीदार मिळवून विद्युत् व चुंबकत्वाच्या गणिती सिद्धांतावर एक निबंध स्वतः छापला. आज ग्रीनची सूत्रे व ग्रीनचे फलन या नावांनी जे शिकवले जाते ते त्या निबंधात आहे. बहुतेक वर्गणीदारांना तो कळण्याचा संभव नव्हता. चाळिशीत ग्रीन केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १८४१ मध्ये मरण पावला. १८४५ मध्ये विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) याच्या हाती त्या निबंधाची प्रत लागली आणि त्याच्याच खटपटीने तो जर्मनीतील क्रेले यांच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला. विज्ञानाचा इतिहास एखाद्या जुन्या प्रतीच्या सापडण्यावर किती अवलंबून असतो याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

ग्रीन, गाउस, टॉमसन आणि डिरिक्ले या सर्वांचा युक्तिवाद साधारणपणे एकच होता. दिलेली सीमामूल्ये धारण करणाऱ्या सर्व फलनांसाठी ऊर्जा, म्हणजे उताराच्या वर्गाचा संपूर्ण प्रदेशावरील समाकल, विचारात घ्यावी. ती कधीच ऋण नसते. म्हणून ती जेथे सर्वांत कमी आहे असे फलन असणार, आणि ते हरात्मकच असले पाहिजे हे थोड्या आकडेमोडीने निघते. डिरिक्लेच्या व्याख्यानांतून हे ऐकलेल्या रीमानने त्याला ‘डिरिक्लेचे तत्त्व’ हे नाव दिले आणि १८५१ च्या प्रबंधात व नंतरच्या लेखांत संमिश्र फलनांचा आपला सिद्धांत त्यावर उभारला.

वायरश्ट्रासने १८७० मध्ये बर्लिनच्या अकादमीत दाखवून दिले की या युक्तिवादात एक पायरी गहाळ आहे. ऊर्जा शून्याखाली जात नाही म्हणून ती किमान मूल्यापाशी प्रत्यक्ष पोचते, असे म्हणता येत नाही. त्याचे उदाहरण असे: −१ पासून १ पर्यंतच्या रेषाखंडावर, डाव्या टोकास ० आणि उजव्या टोकास १ हे मूल्य असणारी फलने घ्यावीत आणि क्ष² गुणिले अवकलजाचा वर्ग याचा समाकल काढावा. जे फलन सुरुवातीस सपाट राहते, मूळबिंदूच्या दोन्ही बाजूंस ०.१ एवढ्या अंतरात सरळ रेषेने चढते आणि पुन्हा सपाट होते त्यासाठी हा समाकल १/६० येतो. चढाचा पट्टा दहापट अरुंद केला की तो १/६०० होतो. अशा रीतीने शून्याच्या हवे तितके जवळ जाता येते. पण समाकल प्रत्यक्ष शून्य व्हायचा तर अवकलज सर्वत्र शून्य हवा, म्हणजे फलन अचल हवे, आणि अचल फलन ० व १ ही दोन मूल्ये एकाच वेळी घेऊ शकत नाही. किमान मूल्य आहे असे गृहीत धरले होते, ते नाही.

रीमान त्याआधीच १८६६ मध्ये निधन पावला होता. त्याचे निष्कर्ष खोटे ठरले नव्हते, पण त्यांचा आधार निखळला होता. पुढील तीस वर्षे श्वार्त्स, कार्ल नॉयमान आणि प्वँकारे यांनी किमान ऊर्जेचा मार्ग टाळून डिरिक्लेच्या प्रश्नाची उकल सिद्ध करण्याचे वेगवेगळे उपाय शोधले. श्वार्त्सने एकमेकांवर आलेल्या दोन प्रदेशांवर आळीपाळीने प्रश्न सोडवण्याची पद्धत दिली, जी आज समांतर संगणनात पुन्हा वापरात आली आहे. १९०० च्या सुमारास हिल्बर्टने मूळ तत्त्वालाच योग्य अटींखाली पुन्हा उभे केले: ऊर्जा घटवत नेणारी फलनांची मालिका घेऊन तिच्यातून अभिसारी मालिका कशी निवडावी हे त्याने दाखवले. ज्या अवकाशात ही निवड नैसर्गिकपणे होते त्याची मांडणी १९३० च्या दशकात रशियन गणितज्ञ सोबोलेव यांनी केली, आणि आजचा विद्यार्थी डिरिक्लेचे तत्त्व सोबोलेव अवकाशातच शिकतो.

दरम्यान आणखी एक धक्का बसला. उकल नेहमी असतेच असे नाही. पोलंडच्या झारेंबाने १९११ मध्ये दिलेले उदाहरण फार सोपे आहे. एकक त्रिज्येच्या चकतीतून केवळ मध्यबिंदू काढून टाकावा. बाहेरील परिघावर मूल्य ० आणि मध्यबिंदूवर १ द्यावे. उकल आहे असे मानू. अंतराच्या व्यस्ताचा लॉगरिदम परिघावर शून्य आणि केंद्राजवळ अनंताकडे जाणारा असतो. त्याला कितीही लहान धन संख्येने गुणले तरी केंद्राजवळ तो उकलीच्या वरच राहतो, म्हणून महत्तम तत्त्वाने सर्वत्र वर राहतो. गुणणारी संख्या शून्याकडे नेली की उकल कोठेच धन असू शकत नाही; तसेच ऋणही नाही. म्हणजे ती सर्वत्र शून्य आणि केंद्रावरील १ हे मूल्य तिला घेता येत नाही. व्यवहाराच्या भाषेत, जाडी नसलेल्या सुईच्या टोकाने पत्रा तापवता येत नाही. लबेगने पुढच्याच वर्षी त्रिमितीत, आत अतितीक्ष्ण काटा घुसलेल्या प्रदेशाचे असेच उदाहरण दिले. कोणते सीमाबिंदू उकलीला स्वीकारतात याचा अचूक निकष वीनरने १९२४ मध्ये ‘धारिता’ या विद्युत्‌शास्त्रीय कल्पनेच्या साहाय्याने ठरवला. त्याच्या एक वर्ष आधी पेरोनने केवळ महत्तम तत्त्व वापरून उकल रचण्याची जी रीत दिली, ती अजूनही पाठ्यपुस्तकांत सर्वांत सुटसुटीत मानली जाते.

वर्गीकरण व अॅदामारचे उदाहरण

दोन चलांच्या दुसऱ्या क्रमाच्या रेषीय समीकरणात मुख्य पदांचे गुणक अनुक्रमे अ, २ब आणि क असे असतील तर ब² − अक ऋण असताना समीकरण विवृत्तीय, शून्य असताना अन्वस्तीय आणि धन असताना अपास्तीय म्हणवते. शंकुच्छेदांच्या वर्गीकरणात हीच राशी विवृत्त, अन्वस्त व अपास्त यांना वेगळे करते. नावे तेथून आली. लाप्लासचे, उष्णतावहनाचे आणि तरंगाचे समीकरण हे या तिन्हींचे नमुने. तिसऱ्यात काल असतो व विक्षोभ ठरावीक वेगाने जातो, दुसऱ्यात काल एकाच दिशेने वाहतो, पहिल्यात काल नाहीच: तेथे सर्व काही स्थिरावलेले असते आणि प्रत्येक बिंदूला सीमेचा प्रत्येक भाग जाणवतो.

म्हणूनच विवृत्तीय समीकरणाला तरंगासारखी ‘प्रारंभिक’ माहिती देऊन चालत नाही. अॅदामारने याचे प्रसिद्ध उदाहरण दिले. वरच्या अर्धप्रतलात लाप्लासचे समीकरण घ्यावे. क्ष-अक्षावर फलन शून्य आणि त्याचा वरच्या दिशेचा अवकलज (१/न) ज्या(नक्ष) एवढा ठेवावा. न = २० असता ही माहिती ०.०५ पेक्षा कधीच मोठी नाही. पण उकल अक्षापासून एक एकक वर गेल्यावर सहा लाखांहून मोठी मूल्ये घेते. न वाढवला की दिलेली माहिती शून्याकडे जाते आणि उकल अनंताकडे. मोजमापातील सूक्ष्म चूक उत्तराला संपूर्णपणे बिघडवते. उकल असावी, एकच असावी आणि माहितीतील लहान बदलाने ती थोडीच बदलावी, या तीन अटी पाळणाऱ्या प्रश्नाला अॅदामारने ‘सुस्थित’ म्हटले. शरीराच्या पृष्ठभागावरील विद्युत् मोजमापांवरून आतील हृदयाचा विभव काढणे यासारखे आजचे प्रश्न नेमके असे दुःस्थित असतात आणि त्यांवर खास उपाय योजावे लागतात.

नियमितता: हिल्बर्टचा एकोणिसावा प्रश्न

हरात्मक फलन अनंत वेळा अवकलनीय असते, इतकेच नव्हे तर प्रत्येक बिंदूभोवती घातश्रेढीत मांडता येते. सीमेवरील मूल्ये कितीही खडबडीत असोत, आत पाऊल टाकताच फलन गुळगुळीत होते. पत्रा एकजिनसी नसून त्याची उष्णतावाहकता जागोजाग बदलत असेल तर काय? वाहकता सौम्यपणे बदलत असल्यास उकलही सौम्य राहते; याचे अचूक अंदाज शाउडरने १९३४ मध्ये दिले. पण हिल्बर्टने १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडलेल्या यादीतील एकोणिसावा प्रश्न अधिक अवघड होता: नियमित चलन-समस्यांच्या उकली वैश्लेषिकच असतात का? अशा उकलीचा अवकलज एका विवृत्तीय समीकरणाचे समाधान करतो. परंतु त्या समीकरणाचे गुणक त्याच अज्ञात उकलीवर अवलंबून असतात. गुणक दोन धन संख्यांच्या दरम्यान राहतात, याहून अधिक त्यांच्याविषयी काहीच हाती नसते. द्विमितीत बर्नश्टाइनने १९०४ मध्ये मार्ग काढला होता. अधिक मितींत अर्धशतक वाट पाहावी लागली.

अखेर इटलीचे एन्नियो डी जॉर्जी यांनी १९५७ मध्ये आणि अमेरिकेचे जॉन नॅश यांनी त्याच सुमारास, एकमेकांना न कळता व अगदी वेगळ्या वाटांनी, दाखवले की गुणक कितीही उड्या मारणारे असले तरी उकल संतत, किंबहुना त्याहून थोडी बरी असते. शाउडरच्या अंदाजांना तेवढाच आधार पुरतो आणि तेथून वैश्लेषिकतेपर्यंत पायऱ्या चढता येतात. मोझरने थोड्याच वर्षांत तिसरी, अधिक सोपी सिद्धता दिली आणि हार्नाकची असमानता या सर्वसाधारण समीकरणांना लागू केली. एकाऐवजी अनेक अज्ञात फलनांच्या समीकरण-संहतीला मात्र हे विधान लागू पडत नाही. तसे प्रतिउदाहरण डी जॉर्जी यांनीच १९६८ मध्ये दिले. नॅश यांना २०१५ मध्ये लुई निरेनबर्ग यांच्यासह आबेल पारितोषिक मिळाले ते याच क्षेत्रातील कार्यासाठी. अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकामुळे आणि चित्रपटामुळे नॅश यांचे नाव सर्वतोमुखी झाले, तरी गणितज्ञांना त्यांचे हे काम अधिक खोल वाटते. आबेल पारितोषिक स्वीकारून परतताना त्यांचे व त्यांच्या पत्नीचे मोटार अपघातात निधन झाले.

विद्यापीठीय अभ्यास

भारतात हा विषय तीन टप्प्यांत भेटतो. पदवीच्या अखेरच्या वर्षात संमिश्र विश्लेषणात संयुग्मी फलन काढण्याची उदाहरणे येतात. एम. एस्सी.ला आंशिक अवकल समीकरणांच्या अभ्यासक्रमात वर्गीकरण, चले विभक्त करण्याची रीत, महत्तम तत्त्व आणि ग्रीनचे फलन येते. नेट परीक्षेच्या अभ्यासक्रमातही लाप्लास, उष्णता व तरंग ही तीन समीकरणे आहेत. सोबोलेव अवकाश व दुर्बल उकली बहुधा पीएच.डी.च्या पूर्वतयारीत शिकवल्या जातात. या क्रमाचा एक तोटा असा की एम. एस्सी.पर्यंत विद्यार्थी केवळ आयत, चकती व गोल यांवरील प्रश्न सोडवतो, जेथे सूत्र आधीच ठाऊक असते. उकलीचे अस्तित्व हा खरा प्रश्न असल्याचे त्याला जाणवतच नाही, आणि पुढे दुर्बल उकलींची यंत्रणा समोर आली की ती कशासाठी आहे हे कळत नाही. वायरश्ट्रासचे व झारेंबाचे उदाहरण एम. एस्सी.च्या पहिल्या सत्रातच देता येण्याजोगे आहे. दोन्हींसाठी पदवीचे गणित पुरते.

पूर्वतयारी म्हणून अनेक चलांचे कलनशास्त्र, विशेषतः अपसरण प्रमेय, पक्के लागते. त्यावाचून ग्रीनची सूत्रे पाठांतराची बाब होतात. त्यानंतर लबेग समाकल आणि हिल्बर्ट अवकाशांची प्राथमिक ओळख हवी. ग्रंथांपैकी केलॉग यांचा विभव-सिद्धांतावरील १९२९ चा ग्रंथ जुना असला तरी भौतिकीशी दुवा राखणारा आहे. इव्हान्स यांचे १९९८ चे पाठ्यपुस्तक आज सर्वाधिक वापरले जाते. गिलबार्ग व ट्रुडिंगर यांचा १९७७ मध्ये प्रथम निघालेला ग्रंथ हा दुसऱ्या क्रमाच्या विवृत्तीय समीकरणांचा प्रमाणग्रंथ असून तो वाचण्यापेक्षा संदर्भासाठी हाताशी ठेवण्याचा आहे. मात्र त्याची हरात्मक फलनांवरील सुरुवातीची प्रकरणे नवशिक्यानेही वाचावीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाक-लुई लियाँस यांनी १९५७ मध्ये विवृत्तीय आंशिक अवकल समीकरणांवर दिलेली व्याख्याने आणि मार्सेल ब्रेलो यांची १९६० ची विभव-सिद्धांतावरील व्याख्याने टिपणांच्या रूपाने प्रसिद्ध झाली असून संस्थेने ती महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. संस्थेचे बंगळूर येथील उपयोज्य गणित केंद्र आज या विषयातील देशातील प्रमुख स्थान आहे.